मुंबईची शिपिंग कॉन्फरन्स: सांगलीच्या हळदवाल्याचा अनुभव

गेल्या महिन्यात मुंबईत दोन दिवसांच्या शिपिंग कॉन्फरन्सला जाऊन आलो. आयोजकांचं नाव लिहीत नाही. मार्केट यार्डातले आणखी दोघं अशाच दुसऱ्या कॉन्फरन्सला जाऊन आलेत, त्यांचा अनुभवही साधारण असाच. फी १४,००० अधिक जीएसटी, म्हणजे १६,५२० रुपये. आम्ही क्विंटलमागं पन्नास रुपयांसाठी सौद्यात घसा कोरडा करणारी माणसं. अण्णांनी पावती बघून विचारलं, "एवढ्यात जहाज देतात का रे?"

महालक्ष्मीनं सकाळी मुंबईत उतरलो. हॉटेलच्या दारात क्यूआर कोड दाखवला की गळ्यात पट्टा पडतो. दीपप्रज्वलन पाऊण तास उशिरा. मग पडद्यावर पालघरचं होऊ घातलेलं वाढवण बंदर, खर्च ७६,२०० कोटी. त्यानंतर हिरवं इंधन, मिथेनॉल, अमोनिया. जहाजांच्या कार्बनवर पैसे आकारायचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनला, जहाजवाहतुकीच्या जागतिक संघटनेत, वर्षभर पुढं ढकलला गेला, त्यावर पाच जण तासभर बोलले. विषय खोटा नाही, तो खर्च उद्या भाड्यात येणारच. पण परदेशी हळद नेणाऱ्या माझ्या वीस फुटी कंटेनरचं काय?

तेच मी माइक मागून विचारलं. मे महिन्यात आमचा ट्रेलर खंबाटकी घाटात अडकला, कट-ऑफ, म्हणजे बंदरात माल घ्यायची शेवटची वेळ हुकली, कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला गेला. तो भुर्दंड कुणाचा? सूत्रसंचालक हसून म्हणाले, "हे आपण चहाला बोलू."

आणि खरंच चहालाच बोलणं झालं. न्हावाशेवा बंदरात तीस वर्षं काढलेले एक सीएचए (कस्टमची कामं करणारे एजंट) काका भेटले. त्यांनी कागदाच्या रुमालावर गणित मांडलं. लोक दोन-दोन लाइन्सकडे, म्हणजे जहाज कंपन्यांकडे बुकिंग करून एकीकडे फिरकतच नाहीत, म्हणून लाइनवाले जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतात. मग जागा कमी पडली की उशिरा आलेला पहिला बाहेर. "घाट धरून हिशेब कर, एक दिवस आधी गाडी सोड. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला) आणि फॉर्म १३ (बंदराच्या गेटचा परवाना) गाडी पनवेलला पोचायच्या आत तयार पाहिजे. आम्ही फोन उचलला नाही म्हणून मागनं रडू नको." तो रुमाल अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

कॉन्फरन्सच्या ॲपवर तीन भेटी ठरवल्या होत्या. दोघं आलेच नाहीत, तिसरा सॉफ्टवेअर विकत होता. जेवण झकास, रांग मोठी.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या खोलीत मालाच्या विम्यावर छोटं सत्र होतं, जेमतेम तीस खुर्च्या. तिथं एका वकीलबाईंनी माझी झोप उडवली. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला मुद्दाम खर्च केला किंवा काही माल समुद्रात टाकला, तर त्याची वर्गणी जहाजमालकाबरोबर जहाजावरच्या सगळ्या मालवाल्यांनीही भरायची. तुमचं पोतं कोरडं-खणखणीत असलं तरी! याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. विमा नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय माल सुटत नाही. मी सीआयएफनं (किमतीत जहाजभाडं आणि विमा धरून) विकतो, म्हणजे विमा मीच उतरवतो, आणि स्वस्त म्हणून कायम 'सी' क्लॉजचा, म्हणजे सगळ्यात कमी संरक्षणाचा. ही वर्गणी 'सी'मध्ये बसते. पण कंटेनरच्या छताला भोक पडून पावसाचं पाणी हळदीत शिरलं तर दमडी मिळत नाही, त्याला सगळ्यात जास्त संरक्षणाचा 'ए' लागतो. आठ वर्षं मी पॉलिसीचं फक्त पहिलं पान बघत आलो. सोमवारी यार्डात पोचायच्या आधी एजंटला फोन लावला.

जाणाऱ्यांनी पहिल्या दिवसाची भाषणं बिनधास्त सोडावीत, स्टॉलवर फुकटच्या पेनांमागं लागू नये. आपली एकच नेमकी अडचण कागदपत्रांसकट खिशात घेऊन चहाच्या टेबलाजवळ उभं राहावं. मी दोनशे कार्डं छापून नेली होती, एकतीस वाटली.

आणि हो, फक्त दुसऱ्या दिवसाचा पास साडेसहा हजारांत होता. नोंदणीच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.