लंडन–पॅरिस: विमान सव्वा तासाचं, तरी मी युरोस्टारच घेईन

आई सांगलीहून आली की तिला पॅरिस दाखवायचंच, हे ठरलेलं होतं. लंडन ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटर. विमानाला सव्वा तास, समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेला साधारण दोन तास वीस मिनिटं. मागच्या खेपेला त्या सव्वा तासाकडे बघून मी विमान घेतलं होतं. या वेळी हिशेब घराच्या उंबऱ्यापासून मांडला.

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो, म्हणजे हीथ्रो विमानतळ तसा जवळच. तरी टॅक्सीला पाऊण तास, दोन तास आधी पोचायचं, मग उड्डाण, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरल्यावर पासपोर्टची रांग, आणि तिथून आरईआर बी गाडीने शहरात अर्धा-पाऊण तास. पाच तास कुठेच गेले नाहीत. युरोस्टारसाठी आम्ही लंडन मेट्रोच्या मेट्रोपॉलिटन लाइनने थेट किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनला अर्ध्या तासात पोचलो, तेही गाडीच्या सव्वा तास आधी. फ्रेंच अधिकारी पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा लंडनलाच तपासतात. पॅरिसला फक्त उतरायचं आणि चालू लागायचं. सव्वाचार तासांत आम्ही पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनबाहेर रस्त्यावर होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे वाचलेलं चालणं फार मोलाचं आहे.

आणि लोणचं! मागे एका विमानतळावर आईच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी १०० मिलीच्या नियमात अडकली आणि तिच्या डोळ्यांदेखत पिंपात गेली. मला अजून वाईट वाटतं. युरोस्टारला तो नियम नाही. मोठ्या दोन बॅगा, वर हातातली एक, आणि वजनकाटा नाही. यंदा बरणी आईच्या मांडीवर होती, फडक्यात बांधलेली. (तूप मात्र नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.)

स्टेशन सोडताच गाडी बोगद्यात शिरली. आईने माझा हात धरला, "हाच का रे समुद्र?" "नाही गं, हे अजून लंडनच." खरा बोगदा पुढे, केंट ओलांडल्यावर येतो. ५० किलोमीटर लांब, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राखालून. वीसेक मिनिटं खिडकीत नुसता काळोख. बाहेर पडल्यावर फ्रान्सची सपाट शेतं, पवनचक्क्या आणि ताशी ३०० किलोमीटरचा वेग. डब्यातला चहा हलतही नव्हता.

तिकीट मात्र दोन-तीन महिने आधी काढा, ऐनवेळी ते फार महाग पडतं. परतीला ब्रिटनची पासपोर्ट तपासणी पॅरिसच्याच स्टेशनवर होते, म्हणून तिथेही वेळ हाताशी ठेवा.

फ्रान्समधलं लील शहर मागे पडल्यावर आईने थालीपीठ काढलं, बरणीचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "घे, अजून तासभर आहे ना?"