संजीवनी क्लिनिक, इंदूर: हक्काचं काय आणि विनंतीचं काय

डिसेंबर 2019 मध्ये निपानियातून सुरू झालेली ही सरकारी दवाखान्यांची सेवा सर्दी-ताप, बीपी, शुगर, लसीकरण आणि गरोदरपणाच्या नोंदीसाठी नक्की वापरावी. तपासणी आणि औषधं मोफत. एवढ्यासाठी एमवायच्या, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या, रांगेत उभं राहायला नको.

औषध संपलं, की मात्र खरी अडचण कळते. आरोग्य हा राज्याचा विषय, 74व्या घटनादुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत तो नगर निगमांच्या कामांतही आला, आणि पैशाचा मोठा वाटा केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य मिशनमधून येतो. जबाबदारी अशी तिघांत विभागलेली. साधारण 50,000 वस्तीमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे अमुक औषधं हवीत, ही मापं मिशनची आणि 2022 च्या भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांची आहेत, कायद्याची नाहीत. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, मध्य प्रदेशात तसा नाही. याच राज्यात 2010 च्या लोकसेवा हमी कायद्याने अधिसूचित दाखल्याला उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 5,000 रुपये दंड होतो. बीपीची गोळी संपल्याबद्दल असा दंड कुणालाच नाही. हे बदलायलाच हवं.

तोवर एवढं करा. औषध नसेल तर पर्चीवर तसं लिहून मागा, 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. तरीही हललं नाही तर माहिती अधिकारात साठा नोंदवहीची प्रत मागा, उत्तराची मुदत 30 दिवस. आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) ऐच्छिक आहे, तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

काही 'नाही' मात्र रास्त असतात. नर्सबाई ओआरएस, लोहाच्या गोळ्या देतील. नवं अँटिबायोटिक डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. सोनोग्राफीसाठी बाहेर पाठवतात, कारण 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात जागा आणि यंत्र दोन्हींची नोंदणी लागते, मशीन उचलून या क्लिनिकमधून त्या क्लिनिकमध्ये नेता येत नाही. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून बाळाला ठरलेल्या लसीकरणाच्या दिवशी सकाळीच न्या.