घरी येणारी नर्सिंग सेवा, दांडिया बाजार: बाई उत्तम, ऑफिस ढिलं

सासूबाईंना पक्षाघातानंतर घरी आणलं तेव्हा ही एजन्सी लावली. नाव लिहीत नाही, बडोद्यात अशा बऱ्याच आहेत.

फोनवर 'नर्स' म्हणाले, आल्या त्या आयाबाई. नर्सचा जीएनएम अभ्यासक्रम तीन वर्षांचा, सहायक नर्सचा एएनएम दोन, आणि दोघींचीही नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागितला की ऑफिसचं ठरलेलं उत्तर, "मोकली आपीशुं, बेन" (पाठवून देऊ, ताई). अजून आलेलं नाही.

ज्या आल्या त्या बेन मात्र हाताच्या फार चांगल्या. दर दोन तासांनी कूस बदलणार, टाचा गादीला टेकू देणार नाहीत, माकडहाडाजवळ जरा लाली दिसली की मला हाक. भरवताना पाठ सरळ टेकवून बसवणार, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. न्हाणीत धरायला दांडी लावा, हेही त्यांनीच सांगितलं. 'सेफ्टी तपासणी'ला आलेल्या सुपरवायझरने चहा घेतला, फॉर्मवर माझी सही घेतली आणि न्हाणीत न डोकावताच गेला!

नवरात्रात बेन सुट्टीवर गेल्या आणि बदली मुलीने इन्शुलिन फ्रीजरमध्ये ठेवलं. गोठलेलं इन्शुलिन फेकावंच लागतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण औषधांची वहीच नव्हती. ती वही आता मी सुरू केली आहे.

बेनना पाच तारे, ऑफिसला दीड. महिन्याचे पैसे आगाऊ मागतात, आठवड्याचेच द्या.