बेलफास्टची फॉल्स-शँकिल वॉकिंग टूर: चार स्टार, पाचवा का कापला तेही लिहिलंय

आधीच सांगते, ही आमची बेलफास्टमधली दुसरी टूर. बेलफास्ट म्हणजे उत्तर आयर्लंडची राजधानी. इथे साठच्या दशकाच्या शेवटापासून १९९८ पर्यंत कॅथलिक (आयर्लंडमध्ये जायचं म्हणणारे) आणि प्रोटेस्टंट (ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे) यांच्यात रक्तरंजित संघर्ष चालला, आणि दोघांच्या वस्त्यांच्या मधे अजूनही उंच भिंत आहे, टूर त्याच भिंतीची. पहिली टॅक्सीवाली होती, दीड तासाची. तिचं नाव घेत नाही कारण ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण एकूण प्रकार असा की इथे बॉम्ब फुटला, इथे एवढे मेले, हा घ्या मार्कर, भिंतीवर नाव लिहा, फोटो काढा, चला पुढे. बाबा (माझे वडील, रिटायर्ड बँकवाले, महिनाभर आमच्याकडे आलेत) मार्कर हातात घेऊन जरा वेळ तसेच उभे राहिले आणि मग त्याला परत दिला. गाडीत बसल्यावर मराठीत म्हणाले, अगं लोकांच्या घरामागच्या भिंतीवर मी कशाला नाव लिहू. मूड गेला तो गेलाच.

म्हणून ही दुसरी, चालत करायची, साधारण तीन तास, दोन गाइड. अर्धा भाग फॉल्स रोडचा म्हणजे कॅथलिक बाजूचा, तो तिथलाच माणूस दाखवतो, आणि मग भिंतीतल्या गेटपाशी तो थांबतो आणि पलीकडून शँकिल रोडचा म्हणजे प्रोटेस्टंट बाजूचा माणूस येऊन आपल्याला ताब्यात घेतो. दोघंही संघर्षाच्या काळात जेलमध्ये जाऊन आलेले, दोघंही आपापल्याच बाजूचं सांगतात, न्यूट्रल वगैरे काही भानगड नाही, आणि ते लपवतही नाहीत. मला हे आवडलं. मधोमध उभं राहून गोड बोलणाऱ्या गाइडपेक्षा हे परवडलं.

सुरुवात डिव्हिस टॉवरखाली होते. वीस मजली बिल्डिंग, खाली लोक राहत होते आणि वरच्या दोन मजल्यांवर ब्रिटिश आर्मीची चौकी होती. तिथून पुढे म्युरल्स म्हणजे भिंतीवरची मोठी चित्रं, बॉबी सँड्सचं (आयआरए या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेचा, जेलमध्ये उपोषण करून गेलेला माणूस) चित्र वगैरे, ते सगळ्यांच्या फोटोत असतंच त्यामुळे त्यावर जास्त लिहित नाही.

खरी मजा, मजा म्हणजे काय, पुढे क्लोनर्डच्या गल्ल्यांमध्ये आहे. बाबांनी एक पाटी वाचली आणि मला कोपर मारलं. बॉम्बे स्ट्रीट! आजूबाजूला काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट, कानपूरच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगची कॉनपोर स्ट्रीट. साम्राज्याच्या काळात नावं ठेवलेली, आता आत राहणारे ते नाव कुठून आलं याचा विचारही करत नसतील. ही बॉम्बे स्ट्रीट जळाली ती तारीख १५ ऑगस्ट १९६९. आपल्याकडे झेंडावंदन झालं त्याच दिवशी इथे घरं पेटत होती आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून गेला. पुढच्याच महिन्यात आर्मीने दोन वस्त्यांच्या मधे काटेरी तार टाकली आणि तिथला जनरल म्हणाला की हे अगदी तात्पुरतं आहे, आम्हाला इथे बर्लिनसारखी भिंत नकोय. बर्लिनची भिंत २८ वर्षांत पडली. ही पन्नास वर्षं ओलांडून उभी आहे, खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी, म्हणजे मजले चढवत नेलेत. सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं की २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढू. आम्ही तिच्याच सावलीत उभे राहून हे ऐकत होतो.

गाइडने काही न बोलता हाताने दाखवलं ते हे, की भिंतीला लागून असलेल्या घरांची मागची अंगणं जाळीच्या पिंजऱ्यात आहेत. पलीकडून काही फेकलं तर अंगावर पडू नये म्हणून. एका पिंजऱ्यात दोरीवर कपडे वाळत होते, लहान मुलाचा शाळेचा शर्ट आणि दोन टॉवेल, आणि वर जाळीत एक जुनी बाटली अडकलेली होती. कोणी काढली नव्हती. टॅक्सीवाल्याने आम्हाला हे दाखवलंच नव्हतं, कारण तो भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, मार्करवाल्या बाजूला थांबला होता.

मग क्लोनर्ड मॉनेस्टरी. इथे फादर अॅलेक रीड राहायचे. मार्च १९८८ मध्ये एका अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी घुसली, जमावाने त्यांना ओढून काढलं, मारलं आणि मग गोळ्या घातल्या. हे फादर त्या देहांपाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होते, तो फोटो जगभर छापला गेला. पण त्या वेळी त्यांच्या खिशात एक पाकीट होतं, गेरी अॅडम्सच्या शिन फेन पक्षाकडून (आयआरएचा राजकीय चेहरा) जॉन ह्यूमकडे (हिंसेला विरोध करणारे कॅथलिक बाजूचे नेते) पोचवायचा कागद, म्हणजे समझोत्याच्या बोलण्यांची सुरुवातीची चिठ्ठी. पाकिटाला रक्त लागलं. त्यांनी पाकीट बदललं आणि त्याच दिवशी कागद नेऊन दिला. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपमध्ये कोणी फोटो काढला नाही. त्यानंतर सहा वर्षांनी शस्त्रसंधी आणि दहा वर्षांनी, १० एप्रिल १९९८ ला, संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार, ज्याला सार्वमतात उत्तर आयर्लंडमधल्या मत देणाऱ्यांपैकी ७१ टक्के लोकांनी होकार दिला. २००५ मध्ये आयआरएने शस्त्रं निकामी केली तेव्हा साक्षीदार म्हणून हेच फादर होते आणि त्यांच्या जोडीला एक मेथडिस्ट पाद्री, हॅरल्ड गुड.

आता ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. म्युरलवरचे लोक एकीकडे, पण रोजची शांतता कोण ठेवतं असं बाबांनी मधेच विचारलं (यांना सवय आहे, मीटिंगमध्ये पण विचारायचे म्हणे), आणि तिथून गाइडची कळी खुलली. तो म्हणाला फोन. नव्वदच्या दशकात उत्तर बेलफास्टमध्ये दोन्ही बाजूंच्या काही कार्यकर्त्यांकडे मोबाइल दिलेले होते, आणि उन्हाळ्यात प्रोटेस्टंट मिरवणुकांच्या सीझनमध्ये ते रात्र रात्र भिंतीच्या आपापल्या बाजूला फिरायचे. अफवा उठली की यांच्यातला एक त्यांच्यातल्या एकाला फोन लावून विचारणार, की बाबा रे, तुमच्याकडून दगड आला म्हणतात, कोण आहे बघ. बहुतेक वेळा निघायची ती सुट्टीत बोअर झालेली बारा-तेरा वर्षांची पोरं. मग तिकडचा माणूस जाऊन त्यांना कानाला धरून घरी पाठवणार, इकडचा इकडच्यांना. एकमेकांवर विश्वास नव्हता हे तो स्पष्ट म्हणाला, फक्त समोरचा फोन उचलेल एवढी खात्री होती. बाबा हळूच म्हणाले, हे आमच्या भिवंडीच्या हिंदू-मुस्लिम मोहल्ला कमिट्यांसारखंच की. बाबा ९२ साली तिथल्या ब्रँचला होते, डिसेंबरात मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली ते त्यांनी स्वतः बघितलंय, त्यामुळे पुढचा अर्धा तास मी दुभाषी.

लॅनार्क वेच्या गेटपाशी गाइड बदलला. दोघांनी हात मिळवले, अगदी थोडकं बोलले, मॅच की हवामान असलं काहीतरी. हे गेट म्हणजे एप्रिल २०२१ मध्ये टीव्हीवर दिसलेलं तेच, जवळच बस पेटवली होती आणि दोन्हीकडून पेट्रोल बॉम्ब उडत होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी पाण्याचा मारा केला हे बातम्यांत आलं, पण त्याच संध्याकाळी स्प्रिंगफील्ड रोडवर गल्लीतली मोठी माणसं आणि युथ वर्कर रांग करून पोरांच्या आणि गेटच्या मधे उभे राहिले, ते मला इथे येऊन कळलं. दुसरा गाइड म्हणाला, आपल्याच पोरांकडे तोंड करून उभं राहायचं असतं, पाठ नाही करायची. मग ती नावानिशी शिव्या देतात, ओळखतात ना तुम्हाला.

शँकिल रोडवर तो मासळीच्या दुकानाच्या जागेपाशी थांबला, २३ ऑक्टोबर १९९३ चा आयआरएचा बॉम्ब, नऊ निरपराध माणसं आणि बॉम्ब ठेवणारा एक. आवाज न चढवता सांगितलं. अॅलेक्स मास्की, शहराचे पहिले शिन फेन लॉर्ड मेयर, यांनी २००२ मध्ये १ जुलैला पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत ब्रिटनकडून लढलेल्या सैनिकांच्या स्मारकावर पुष्पचक्र ठेवलं, मुख्य कार्यक्रमाच्या आधी, तेही त्यानेच सांगितलं. आवडलं का विचारलं तर म्हणाला नाही, पण लक्षात राहिलं.

आता एक स्टार कापला तो. संपूर्ण टूरमध्ये बायका कुठेच नाहीत! मी विचारल्यावर मग दोन वाक्यांत निपटवलं, १९९६ मध्ये विमेन्स कोएलिशन म्हणून पक्ष निघाला, मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सॅगर, एक कॅथलिक एक प्रोटेस्टंट, दोघी निवडून आल्या आणि करार होईपर्यंत वाटाघाटींमध्ये बसल्या. अहो ही तर अख्खी गोष्ट आहे, आणि तुम्ही ती विचारल्याशिवाय सांगत नाही? ती फोनवाली माणसं रात्री बाहेर असताना घरी पोरांना कोण थोपवून धरत होतं तेही जरा सांगा ना.

दुसरं थोडं नाजूक आहे. ज्यांनी एकेकाळी बंदूक धरली तेच आज वस्तीतले शांत करणारे पुढारी, आणि पोरं त्यांचं ऐकतात ती कशामुळे ऐकतात हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. इथल्या लोकांतही यावर कुरबुर आहे, की भिंतीवरचा वट काही जणांच्याच हातात राहिला. पहिल्या गाइडला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, मी सांगितलं तर पोरं घरी जातात, पोलिसांनी सांगितलं तर जात नाहीत, तुम्ही काय कराल. बरोबर उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण त्याच्या हसण्याने मी फार समाधानी झाले असंही नाही.

बाकी बारीकसारीक. उच्चार कळायला पहिली वीस मिनिटं जातात, पुढे उभं राहा. मधे बाथरूमचा ब्रेक नाही, निघण्यापूर्वी उरकून घ्या, म्हातारी माणसं बरोबर असतील तर नक्कीच. छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. शँकिलचा भाग घाईत उरकला गेला, दुसऱ्या गाइडला अर्धा तास तरी जास्त द्यायला हवा. आणि हिवाळ्यात दुपारचा स्लॉट घेऊ नका, अंधार लवकर पडतो, गेट बंद झालं की परत यायला लांबचा वळसा पडतो, आम्हाला पडला.