गोव्यातलं गिऱ्हाईक की परदेशातलं?

म्हापशात फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करताना मी दोन्हीकडची कामं घेतली आहेत.

इथलं काम हंगामावर चालतं. ऑक्टोबर आला की किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना (तात्पुरत्या खानावळींना) मेनू कार्डं हवीत, चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, दुकानांना बॅनर, जत्रेला नाटकाची पोस्टरं. जून-जुलैत फोन शांत. पैशांसाठीही खेटे घालावे लागतात. एका हॉटेलाने बिल पाच महिने लटकवलं, तेव्हापासून निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

पण इथे केलेलं काम हातात घेता येतं. छापखान्यात मशीनजवळ उभं राहून पहिला कागद पाहते, तेव्हा स्क्रीनवरचा झळझळीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मळकट जांभळा झालेला दिसतो. तिथल्या तिथे मॅजेंटा, म्हणजे गडद गुलाबी शाई, कमी करून घेते. हे शिक्षण परदेशी कामातून मला मिळालं नसतं.

लंडनच्या गिऱ्हाइकाचा दर चांगला, आणि आपल्या पावसाळ्याशी त्याला देणंघेणं नाही. मात्र हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे, म्हणून मीटिंग नेमकी जेवणाच्या वेळी. शिवाय काम मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म कमिशन कापतो, थोडं चलन बदलताना जातं. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली. परदेशी कामावर कर न भरता बिल करायचं तर एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, दाखल करावं लागतं, आणि पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला जपावा लागतो.

नव्या मुलांना मी आधी इथलीच कामं घ्यायला सांगते, निदान वर्षभर तरी.