टायमिंग चेन बदलून बरेच महिने झाले, आता अनुभव सांगतो

गणपतीच्या आधी गाडीची टायमिंग चेन बदलली, म्हणजे इंजिनात खालचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि वरचा कॅम (वॉल्व्ह उघडतो तो दांडा) जोडणारी साखळी, आता आंब्याचा सीझन संपत आला, म्हणजे गाडी सगळ्या हवेत चालवून झाली. 1300 सीसी डिझेल, रत्नागिरीतलीच, दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेली. सकाळी पहिला स्टार्ट मारला की पुढून खडखड यायची, तीन-चार सेकंदात बंद. एका गॅरेजात टॅपेटचा, म्हणजे वॉल्व्हकडचा आवाज म्हणून सोडून दिलं. मिरजोळे एमआयडीसीतल्या मेस्त्रीने मात्र लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरला लावलं, मूठ कानाला आणि म्हणाला चेन गेली.

चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की प्रेशर उतरतं आणि चेन वाढलेली असली की प्रेशर येईपर्यंत ती गाईडवर, म्हणजे तिला वळणावर धरणाऱ्या पट्टीवर आपटते. चेन रबरासारखी ताणत नाही, प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि सगळं मिळून लांबी वाढते. जुनी आणि नवी एकाच खिळ्याला टांगली तेव्हा जुनी खाली लोंबत होती, नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी. प्लॅस्टिकच्या गाईडवर तर बोट बसेल असे चर पडलेले! अजून चालवली असती आणि चेन चाकाचा एखादा दात सोडून सरकली असती तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटून हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम निघालं असतं.

किट कोल्हापूरवरून मागवलं, चेन, टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) सगळं. नुसती चेन टाकून पैसे वाचवायला जाऊ नका प्लीज, जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन लवकर खराब होते. आणि मेस्त्रीकडे कॅम-क्रँक लॉक करायचे टूल आहेत का ते आधीच विचारा, मार्करने खुणा करून टायमिंग लावणारे पण आहेत. आमच्याने सगळं बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, कारण क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, कुठे अडत नाही बघितलं आणि मगच स्टार्टर मारला.

खडखड त्याच दिवशी गेली ती परत आली नाही, थंडीतल्या सकाळी साखरप्याला मुक्कामाला होतो तेव्हाही नाही. आंबा घाटात पेट्या भरून पण गाडी छान ओढते. ॲव्हरेज आहे तेवढंच आहे. एकच कटकट झाली, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या सीलंटमधून ऑइल पाझरायला लागलं, सीलंट सुकायच्या आत ऑइल भरलेलं. मेस्त्रीने पैसे न घेता चेंबर परत उतरवला, यावेळी रात्रभर सुकू दिला, आता कोरडा आहे. ऑइल मी हल्ली साडेसात हजार किलोमीटरलाच बदलतो.