डीझेड ठोकलेलं इंजिन घेतलं, निघालं साधं ३५०

ज्यांना जुन्या शेवरलेचं इंजिन घ्यायचंय त्यांनी हे जरा वेळ काढून वाचा, माझे पैसे गेले ते गेले पण तुमचे तरी वाचू देत.

मला १९६९ च्या कॅमारो झेड २८ साठी ३०२ इंजिन (म्हणजे ३०२ क्युबिक इंचाचं) हवं होतं, ओरिजनल. चार वर्षं शोधत होतो, आणि एकदा का माणूस एवढा आसुसला की समोरचा काय दाखवतोय यापेक्षा आपल्याला काय बघायचंय तेच दिसतं. एकाने फोटो पाठवले. ब्लॉकच्या (इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा) पुढे उजव्या हेडसमोर (सिलिंडरवरचं झाकण) जी छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात, तिथे व्ही०४१२डीझेड असं ठोकलेलं. व्ही म्हणजे फ्लिंट कारखाना, ०४१२ म्हणजे १२ एप्रिल, आणि डीझेड हा त्या वर्षीच्या ३०२ चा कोड. मागच्या बाजूचा कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उठणारा साच्याचा नंबर, ३९७००१०, तोही बरोबर, १९६९ च्या ३०२ मध्ये हा ब्लॉक आलेला आहे. मी लगेच हो म्हणालो.

आता यात मेख काय ते सांगतो. ३०२ आणि ३५० दोन्हीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, फरक सगळा क्रँकशाफ्टचा (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा), ३०२ चा स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जितका जातो ते अंतर) ३ इंच आणि ३५० चा ३.४८. ट्रान्स-ॲम या अमेरिकेतल्या कार रेसिंगला ३०५ क्युबिक इंचाची मर्यादा होती म्हणून ते ३०२ जन्माला आलं. त्यामुळे एकाच साच्यातला ब्लॉक दोन्हीकडे वापरता येतो आणि हा ३९७००१० तर पुढे कितीतरी वर्षं ३५० साठी ओतला जात होता, साध्या पिकअपमध्येसुद्धा. म्हणजे कास्टिंग नंबर जुळला याचा अर्थ साचा जुळला, बस. इंजिन कुठलं हे फक्त पॅडवरचे शिक्के सांगतात, आणि ते तर घासून कोणीही नवीन ठोकू शकतो!

तिसरी गोष्ट म्हणजे कास्टिंगची तारीख, ती मागे बेलहाउसिंगच्या (जिथे गिअरबॉक्स जोडतात) कडेवर उठावात असते, ओतीव, म्हणून ती बदलणं अवघड. ए पासून एल पर्यंत बारा महिने, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. त्याने पाठवलेल्या फोटोत ग्रीस आणि गंज, मला फक्त शेवटचा ९ दिसला आणि मी खूश झालो. माझी सगळ्यात मोठी चूक ही. एक तर ९ म्हणजे १९६९ पण आणि १९७९ पण, आणि सुरुवातीचं महिन्याचं अक्षर मी वाचलंच नाही.

इंजिन घरी आल्यावर ब्रशने घासलं तर दिसलं ई २० ९. ई म्हणजे मे. ब्लॉक ओतला २० मे ला आणि त्याचं इंजिन बांधलं १२ एप्रिलला?? मी तिथेच खाली बसलो. वर्ष कुठलंही धरा, ते जुळूच शकत नाही.

मग भिंग घेऊन पॅड बघितला. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे डेक, ब्रोचिंगने (दातेरी हत्याराने) कापतात, त्याच्या बारीक सरळ रेघा पुढून मागे पॅडवर पण उमटलेल्या असतात. इथे एकही रेघ नाही, गोल गोल ओरखडे, म्हणजे ग्राइंडर फिरवलेला. (रिबिल्ड करताना डेक मशीन केला तरी रेघा जातात, त्यामुळे रेघा नाहीत एवढ्यावरून कोणाला चोर म्हणू नका, पण मग निदान शिक्के तरी अर्धवट पुसट व्हायला हवेत, माझे तर कोरे करकरीत होते.) शिवाय १९६८ पासून गाडीच्या व्हीआयएनचा (गाडीचा स्वतःचा ओळख नंबर) भाग इंजिनवर ठोकलेला असतो, १९६९ च्या कॅमारोला १९एन किंवा १९एल ने सुरू होणारा, पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ. माझ्यावर कुठेच नव्हता. हे मी आधी विचारलं होतं, तर विकणारा म्हणाला वॉरंटीत बदललेलं इंजिन आहे. अहो, बदली इंजिनवर सहसा सीई ने सुरू होणारा शिक्का असतो, डीझेड कशाला असेल! हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

शेवटी मशिनिस्टकडे नेऊन उघडलं. स्ट्रोक ८८.४ मिलिमीटर, ३०२ चा ७६.२ असतो. खालच्या मेन कॅपना (क्रँकशाफ्ट धरून ठेवणारे तुकडे) दोन दोन बोल्ट, १९६९ च्या ३०२ ला मधल्या तीन कॅपना चार असतात. सगळा खेळ तिथे संपला.

तर घेण्याआधी मागची तारीख पूर्ण साफ करून अक्षरासकट फोटो मागा, आणि क्रम लावा, आधी ओतलं, मग बांधलं, मग गाडी. विकणारा साफ करायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या, कितीही मन ओढत असलं तरी. आणि शक्य असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन वरून खाली किती जातो ते मोजून घ्या, अंदाजे मोजलं तरी १२ मिलिमीटरचा फरक लपत नाही.

विकणाऱ्याने दोनदा फोन उचलला, मग नंबरच बंद. ब्लॉक माझ्याकडेच पडून आहे, चांगला आहे बिचारा, ३५० म्हणून कोणाच्याही कामी येईल. मी डीझेडवर खोल आडवी रेघ मारलीय आणि बाजूला पंचने ३५० ठोकलंय, उद्या माझ्याकडून तो कुणाकडे गेला तर त्याला तरी खरं दिसावं.